त्रिज्येतले 'तीन' कोणते?



आपल्या घरांत मुलांचा अभ्यास दोन भाषांत चालतो, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. वही हिंदीत, नाहीतर हल्ली इंग्रजीत, आणि समजावून सांगणारे आजी-आजोबा मराठीत. मी बालाघाटमध्ये बरीच वर्षे गणित शिकवले. आता निवृत्त आहे, संध्याकाळी नातीचा अभ्यास घेतो. ती शाळेतून 'त्रिभुज' शिकून येते, मी 'त्रिकोण' म्हणतो. ती 'समकोण' म्हणते, मी 'काटकोन' म्हणतो. शेवटी दोघेही आकृतीवर बोट ठेवतो आणि काम भागते.

मागच्या महिन्यात वर्तुळाचा धडा चालला होता. तिने वहीत गोल काढला, मध्यबिंदूपासून काठापर्यंत एक रेघ ओढली आणि तिच्यावर 'त्रिज्या' असे लिहिले. मग पेन्सिल थांबवून विचारले, "आबा, त्रिभुजमध्ये तीन भुजा असतात, त्रिकोणमध्ये तीन कोन असतात. मग त्रिज्यामध्ये तीन काय आहे? रेघ तर एकच आहे."

माझ्याजवळ उत्तर तयार होते. शाळेत दरवर्षी एखादा तरी मुलगा हा प्रश्न विचारायचा आणि मी ठरलेले उत्तर द्यायचो. म्हटले, "अगं, परीघ व्यासाच्या तिपटीहून थोडा जास्त असतो ना, म्हणून त्रि."

तिने क्षणभर विचार केला. म्हणाली, "पण आबा, ते तर व्यासाचं झालं. त्रिज्या तर त्याची अर्धी. मग तिला तीन कसं म्हणायचं, सहा पाहिजे ना?"

मी गप्प झालो. पोरीचे म्हणणे बरोबर होते. इतकी वर्षे मी वर्गात जे सांगत आलो त्याला काही आधार नव्हता. कधीतरी कुणाकडून ऐकलेले किंवा माझेच मी जुळवलेले उत्तर होते, आणि ते कुणी तपासून पाहिले नव्हते, मीही नाही. त्या रात्री जुनी पुस्तके काढली. खरे उत्तर मिळाले, आणि ते माझ्या उत्तरापेक्षा कितीतरी सुंदर निघाले. तेच आज तुमच्यासमोर मांडतो आहे. माझे जे विद्यार्थी हे वाचत असतील, त्यांनी ही उशिरा केलेली दुरुस्ती समजावी.

आधी 'ज्या' म्हणजे काय

'त्रि' बाजूला ठेवू आणि 'ज्या'पासून सुरुवात करू. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. हिंदीत तिला 'प्रत्यंचा' म्हणतात, तीच. दसऱ्याच्या रामलीलेतले रामाचे धनुष्य डोळ्यांसमोर आणा. एक वाकलेली काठी आणि तिच्या दोन टोकांना ताणून बांधलेली सरळ दोरी.

आता वर्तुळाचा एक तुकडा घ्या आणि त्याची दोन टोके सरळ रेघेने जोडा. झाले धनुष्य तयार! वाकलेला भाग म्हणजे धनुष्याची काठी, सरळ रेघ म्हणजे दोरी. आपल्या जुन्या गणितींनी हे चित्र पाहिले आणि नावेही तिथूनच उचलली. वाकलेल्या भागाला 'चाप' किंवा 'धनु' म्हटले. सरळ रेघेला 'ज्या' किंवा 'जीवा' म्हटले. दोरीच्या मध्यापासून काठीच्या मध्यापर्यंतचे जे अंतर उरते, जिथे बाण लावतात, त्याला 'शर' म्हटले. शर म्हणजे बाण. धनुष्याच्या टोकाला 'कोटी' हा शब्द होता, तोही गणितात आला.

यांतले 'जीवा' आणि 'चाप' हे शब्द आजही आपल्या मुलांच्या हिंदी पुस्तकांत आहेत. महाराष्ट्रातल्या पुस्तकांत 'जीवा' तोच आहे, फक्त चापाला 'कंस' म्हणतात. गणितात आकड्यांच्या दोन्ही बाजूंना आपण जी वाकडी खूण करतो तिलाही मराठीत कंसच म्हणतात. तिचा आकार पाहा, लहानसे धनुष्यच आहे ते.

अर्धी दोरी कामाची

ही सगळी खटपट मुळात कशासाठी होती? मुख्यतः आकाशासाठी. सूर्य, चंद्र, ग्रह कोणत्या वेळी कुठे दिसतील, ग्रहण कधी लागेल, हे काढायचे तर वर्तुळाच्या भागांची आणि सरळ अंतरांची सांगड घालावी लागते. आकाशातले फिरणे वर्तुळात मोजायचे, पण हिशेबातले त्रिकोण सरळ रेघांचे. मग इतक्या चापाला इतकी ज्या, असा तक्ता हाताशी हवा.

ग्रीक ज्योतिषी पूर्ण ज्येचा तक्ता वापरत. भारतीय ज्योतिषांच्या लक्षात आले की हिशेबात बहुतेक वेळा पूर्ण दोरी लागतच नाही, अर्धी लागते. कारण अर्ध्या दोरीने काटकोन त्रिकोण तयार होतो, आणि काटकोन त्रिकोण हाताशी आला की पुढचे गणित सोपे होते. म्हणून त्यांनी पूर्ण ज्येऐवजी 'अर्धज्या' किंवा 'ज्यार्ध' यांचे तक्ते केले. इ.स. ४९९च्या सुमारास आर्यभटाने लिहिलेल्या 'आर्यभटीय' ग्रंथात असा तक्ता आहे.

पण रोज उठून 'अर्धज्या, अर्धज्या' कोण म्हणणार? बोलताना 'अर्ध' गळाला आणि 'ज्या' उरला. म्हणजे ज्योतिषाच्या पुस्तकात 'ज्या' दिसला की समजायचे, अर्धी दोरी. तुमच्या दहावीतल्या मुलाच्या पुस्तकात जो 'साइन' आहे, त्याचा पूर्वज तो हाच.

आता 'त्रि'

पुढची गोष्ट समजायला कुंडली आठवा. कुंडलीत बारा घरे असतात, कारण राशी बारा. आकाशातले पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचे, त्याचे बारा भाग केले की एकेक रास ३० अंशांची होते. आज आपण कोन अंशांत मोजतो. जुने ज्योतिषी अंश तर वापरतच, पण मोठा कोन सांगायचा तर सरळ राशीत सांगत. ३० अंश म्हणजे एक रास, ६० अंश म्हणजे दोन राशी.

आणि ९० अंश? तीन राशी.

हेच ते 'तीन'. त्रिज्या म्हणजे तीन राशींची ज्या.

जुन्या ग्रंथांत हा शब्द त्याच्या लांब रूपातही सापडतो. तिथे 'त्रिभज्या' असा शब्द आहे. संस्कृतमध्ये 'भ' म्हणजे तारा, नक्षत्र, आणि ज्योतिषात रासही. त्रि-भ-ज्या, म्हणजे तीन राशींची ज्या. 'त्रिजीवा' असेही रूप आहे. पुढे 'भ' गळाला आणि 'त्रिज्या' उरली. मधले अक्षर गेले आणि त्याबरोबर अर्थाची किल्लीही गेली. म्हणून मुलांना 'त्रि'चे कोडे पडते आणि माझ्यासारखे मास्तर चुकीची उत्तरे देत राहतात.

पण तीन राशींची ज्या आणि मध्यबिंदूपासून काठापर्यंतची रेघ, यांचा संबंध काय? हे नुसते वाचून पटत नाही. करून पाहा. मी नातीकडून करून घेतले, दहा मिनिटांचे काम आहे.

घरी करून पाहा

एक मोठा कागद घ्या. कंपासने १० सेंटीमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. मध्यबिंदूतून उजवीकडे आडवी रेघ ओढा, ही आपली जमीन समजा. आता कोनमापक मध्यबिंदूवर ठेवून या जमिनीपासून वर ३० अंशांवर वर्तुळाच्या काठावर खूण करा. त्या खुणेपासून सरळ खाली, जमिनीला काटकोनात मिळेल अशी रेघ टाका. ही रेघ म्हणजे एका राशीची ज्या. पट्टीने मोजा. बरोबर ५ सेंटीमीटर येईल.

(ही अर्धी दोरी कशी? हीच रेघ जमिनीच्या खाली तेवढीच वाढवा. वर्तुळाच्या काठाला लागेल आणि पूर्ण दोरी दिसेल, मागे धनुष्यासकट.)

आता हेच ४५ अंशांवर करा. रेघ ७ सेंटीमीटरच्या किंचित पुढे जाईल. ६० अंशांवर, म्हणजे दोन राशींवर करा. साधारण ८.७ सेंटीमीटर येईल. खूण जसजशी वर चढते तसतशी ज्या वाढते आणि मध्यबिंदूकडे सरकते.

शेवटी ९० अंश, तीन राशी. खूण अगदी माथ्यावर गेली. तिथून सरळ खाली रेघ टाका. ती कुठे पडली? थेट मध्यबिंदूवर. आणि लांबी? १० सेंटीमीटर. म्हणजे तीन राशींची ज्या हीच मध्यबिंदूपासून काठापर्यंतची रेघ. याहून मोठी ज्या होऊच शकत नाही, कारण पुढे गेले की रेघ पुन्हा लहान होऊ लागते.

त्रिज्या हे नाव इथून आले. ज्यांच्या तक्त्यातली शेवटची आणि सगळ्यांत मोठी ज्या ती त्रिज्या. वर्तुळाच्या मध्यापासून काठापर्यंतच्या अंतराला आपल्याकडे आणखीही नावे होती. व्यासाचा अर्धा म्हणून 'व्यासार्ध', आणि आर्यभटाने वापरलेले 'विष्कंभार्ध'. ही नावे समजायला सोपी आहेत. पण ज्योतिषांच्या तोंडी 'त्रिज्या' बसला, आणि पुढे ज्योतिषाशी संबंध नसलेल्या साध्या वर्तुळालाही तोच लागू झाला.

३४३८ हा आकडा

आपण १० सेंटीमीटर घेतले, सोयीसाठी. आर्यभटाने त्रिज्या किती घेतली? ३४३८. हा विचित्र आकडा कुठून आला, हे पाहण्यासारखे आहे.

एका अंशाचे ६० भाग केले की त्या प्रत्येक भागाला 'कला' म्हणतात. पंचांग पाहणाऱ्यांना हा शब्द माहीत असेल. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचे, म्हणून त्यात ३६० गुणिले ६०, म्हणजे २१,६०० कला. आता परीघच २१,६०० घरांचा आहे असे समजा आणि विचारा, याच मापाने त्रिज्या किती? आर्यभटाने सांगितले होते की २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ सुमारे ६२,८३२ असतो. म्हणजे आपण ज्याला 'पाय' म्हणतो तो ३.१४१६. या हिशेबाने २१,६०० परिघाचा व्यास ६,८७५ आणि थोडा वर, आणि त्याचा अर्धा जवळजवळ ३४३८.

यात सोय अशी की चाप आणि ज्या एकाच मापाने मोजता येतात. आर्यभटाने ९० अंशांचे २४ भाग केले. प्रत्येक भाग २२५ कलांचा. पहिली ज्या २२५, दुसरी ४४९, तिसरी ६७१, असे करत चोविसावी ३४३८, तीच त्रिज्या. या यादीतली आठवी ज्या ३० अंशांची, म्हणजे एका राशीची. ती आहे १७१९. दुप्पट करून पाहा, बरोबर ३४३८. आपल्या कागदावर १० सेंटीमीटरला ५ सेंटीमीटर आले होते, तेच हे.

दहावीची मुले पाठ करतात की साइन ३० म्हणजे एक छेद दोन आणि साइन ९० म्हणजे एक. ते हेच आहे. १७१९ला ३४३८ने भागले की अर्धा, आणि ३४३८ला ३४३८ने भागले की एक. फरक इतकाच की जुन्या काळी ज्या ही लांबी होती, आज साइन हे त्या लांबीचे त्रिज्येशी गुणोत्तर आहे. बाराव्या ओळीत, म्हणजे ४५ अंशांसमोर, २४३१ आहे. कॅल्क्युलेटरवर २४३१ला ३४३८ने भागा आणि साइन ४५ शी ताडून पाहा. पहिले तीन दशांश तंतोतंत जुळतात.

पाटणचा मठ

ही विद्या आपल्या मराठी मुलखात कशी रुजली होती, याचा एक पुरावा दगडावर कोरलेला आहे. भास्कराचार्यांचे नाव सगळ्यांना माहीत असते. जन्म १११४चा. 'सिद्धांतशिरोमणी' हा ग्रंथ त्यांनी ११५०मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी लिहिला. 'लीलावती' त्याचाच एक भाग. या ग्रंथाच्या ज्योतिषाच्या भागांत त्रिज्या पानोपानी येते. मोठ्या हिशेबाला ते ३४३८ची त्रिज्या घेतात आणि झटपट कामाला १२०ची.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण नावाचे गाव आहे. तिथल्या देवळात एक शिलालेख सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथे मठ काढला, असे त्या लेखात कोरलेले आहे. काळ इ.स. १२०७च्या सुमाराचा. लेखाचा मोठा भाग संस्कृतमध्ये आहे, पण शेवटी मठाला काय काय मिळावे याची व्यवस्था लिहिताना भाषा मराठी होते. शास्त्र संस्कृतात आणि व्यवहार मराठीत, असे दोन्ही एकाच दगडावर आहे.

आजोबांची पुस्तके नातवाने जपली, ही गोष्ट मला या लेखाच्या निमित्ताने फार जवळची वाटली. आमच्या घरी नातीने आजोबांची चूक पकडली, तीही एका अर्थाने तीच सेवा म्हणायची.

ज्या परदेशी जाते

या शब्दाचा पुढचा प्रवास ऐकून माझी नात खूप हसली, म्हणून तोही सांगतो.

भारतीय ज्योतिषाचे ग्रंथ आठव्या शतकात बगदादला पोचले. तिथल्या विद्वानांनी 'जीवा' हा शब्द अरबीत जसाच्या तसा घेतला, 'जीबा' असा. अरबी लिहिताना ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, आणि या परक्या शब्दाची नुसती ज आणि ब एवढीच अक्षरे राहिली. अरबीत 'जीबा' या शब्दाला अर्थ नव्हता. पण त्याच अक्षरांचा 'जैब' असा शब्द अरबीत होता. त्याचा अर्थ अंगरख्याच्या छातीवरची घडी, पोकळी, खिसा. वाचणारे 'जैब' वाचू लागले.

बाराव्या शतकात स्पेनमध्ये अरबी ग्रंथांची लॅटिनमध्ये भाषांतरे झाली. भाषांतरकारांनी 'जैब'चा सरळ अर्थ घेतला आणि लॅटिन शब्द ठेवला 'सायनस', म्हणजे घडी, पोकळी, खाच. त्याचेच इंग्रजीत 'साइन' झाले. धनुष्याची दोरी निघाली इथून आणि युरोपात पोचेपर्यंत तिचा खिसा झाला!

गंमत अशी की या प्रवासातले दोन्ही शब्द आज आपल्या घरात आहेत. बालाघाटच्या बाजारात आपण हिंदीत 'जेब' म्हणतो, ती जेब म्हणजे अरबीतला तोच 'जैब', फारसीतून आलेला. आणि हिवाळ्यात नाक चोंदले की डॉक्टर 'सायनस' सांगतात, तो लॅटिनमधला तोच शब्द, कारण कपाळाच्या आणि गालांच्या हाडांत पोकळ्या असतात. खिशातली जेब, नाकातला सायनस आणि दहावीतला साइन, तिघेही एकाच वाटेवरचे प्रवासी.

नागपूर, सिहोर आणि काशी

आता आपल्या भागाकडे येऊ. मराठी घरातला माणूस हिंदी मुलखात जाऊन गणित शिकवतो, हे काही आपल्या पिढीत सुरू झालेले नाही.

बापूदेवशास्त्री हे नाव आज फारसे कुणाला आठवत नाही. जन्म १८२१चा. मराठी घरातला मुलगा, शिक्षण नागपूरला झाले. त्या वेळी भोपाळजवळच्या सिहोरला लान्सलॉट विल्किन्सन नावाचे इंग्रज अधिकारी होते. त्यांना भारतीय ज्योतिषाची मोठी ओढ, आणि सिहोरला त्यांनी संस्कृत पाठशाळेला पाठबळ दिले होते. त्यांनी नागपूरच्या या मुलाची हुशारी पाहिली आणि त्याला सिहोरला नेले. तिथून बापूदेवशास्त्री काशीच्या संस्कृत महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले आणि आयुष्यभर तिथे राहिले. भास्कराचार्यांच्या 'गोलाध्याया'चे विल्किन्सन यांनी केलेले इंग्रजी भाषांतर त्यांनी तपासले आणि ते १८६१मध्ये छापले गेले. हिंदीतही त्यांनी बीजगणितावर पुस्तक लिहिले.

नागपूर ते सिहोर ते काशी, अशी ही वाट. घरी मराठी, शास्त्र संस्कृतात, शिकवणे हिंदी मुलखात. अशा माणसांना 'त्रिज्या' हा शब्द मराठी की हिंदी, असा प्रश्न पडला नसणार.

आपल्या मुलांसाठी

१ नोव्हेंबर १९५६पर्यंत बालाघाट आणि नागपूर एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर होती. मग नागपूर, भंडारा तिकडे गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. नातीगोती तीच राहिली, शाळेची पुस्तके वेगळी झाली. आज गोंदियातला मामेभाऊ आणि बालाघाटमधली आतेबहीण एकच भूमिती शिकतात, पण शब्द वेगळे. सुटीत मुले एकत्र आली आणि अभ्यासाच्या गोष्टी निघाल्या की गोंधळ होतो. म्हणून नातीसाठी एक यादी केली, ती इथे देतो. आधी मराठी, मग हिंदी.

त्रिकोण – त्रिभुज
चौकोन – चतुर्भुज
काटकोन – समकोण
लघुकोन – न्यूनकोण
विशालकोन – अधिककोण
वर्तुळ – वृत्त
परीघ – परिधि
कंस – चाप

एका शब्दाकडे नीट लक्ष द्या. काटकोन त्रिकोणातल्या सर्वांत मोठ्या बाजूला दोन्हीकडे 'कर्ण'च म्हणतात. पण चौकोनाचे समोरासमोरचे कोपरे जोडणाऱ्या रेघेला मराठीत 'कर्ण' म्हणतात आणि हिंदीत 'विकर्ण'. इथे मुले हमखास चुकतात.

आणि दोन्हीकडे अगदी तेच असलेले शब्द: केंद्र, व्यास, जीवा, लंब, समांतर, आणि आपली त्रिज्या.

पहिली यादी पाहिली की वाटते, आपली मुले मराठीपासून दूर चालली. दुसरी पाहिली की कळते, धागा तुटलेला नाही. पण तो आपोआप टिकणारही नाही. मुलाने 'त्रिभुज' म्हटले तर त्याला चूक म्हणू नका. त्याचा शब्दही बरोबर आहे. तिथे भुजा मोजल्या, आपण कोन मोजतो, एवढेच सांगा. मग मुलाला दोन्ही शब्द आपलेच वाटतात. 'चूक' म्हटले की तो शाळेचा शब्द धरतो आणि घरचा सोडतो, हे मी माझ्याच घरी पाहिले आहे.

उज्जैनला महाकालाच्या दर्शनाला आपल्यातले बरेच जण जातात. पुढच्या वेळी तासभर काढून तिथली जुनी वेधशाळाही पाहा. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेली, आणि १९२३मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांनी तिची दुरुस्ती करवली. तिथल्या सम्राट यंत्राच्या दोन्ही बाजूंना वर्तुळाचा चौथा भाग बांधलेला दिसतो. मुलांना तिथे उभे करून विचारा, हा चौथा भाग म्हणजे किती राशी? तीन म्हणाले, तर त्रिज्या त्यांना समजली.

नातीला हे सगळे सांगून झाले तेव्हा तिने वहीतल्या त्या रेघेखाली बारीक अक्षरात लिहिले, 'तीन राशि की ज्या'. हिंदीतच लिहिले. मी काही बोललो नाही. मग तिने विचारले, "आबा, मग व्यास म्हणजे महाभारतवाले व्यास का?"

या वेळी मी लगेच उत्तर दिले नाही. म्हटले, "थांब बेटा, आधी पाहून सांगतो."